फाडायला दिलेले कपडे

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावरच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा आईला सगळ्यात मोठी काळजी वाटली ती माझ्या साड्यांची. नोकरी सरकारी होती, त्याचा तिला आनंद होताच. पण रोज डोंगर चढायचा म्हणजे साडीचा काठ खराब होणार, आणि काठ गेलेल्या साडीकडे बोहारीण ढुंकूनही बघत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहत होतो. वडील अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात होते आणि आमच्या घरातली निम्मी स्टीलची भांडी त्यांच्या जुन्या पँटींच्या बदल्यात आलेली होती. आमच्याकडे कपडा जुना झाला की आई त्याच्याकडे बघून आधी वाटी दिसते की तांब्या, याचा अंदाज घ्यायची.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. चार इयत्ता आणि शिक्षक दोन, मी आणि मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहायचे. निवृत्तीला आलेले होते आणि त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. मी मात्र नुकतीच डी.एड. होऊन बाहेर पडले होते आणि मला सगळ्याचंच आश्चर्य वाटायचं.

श्रावणात तालुक्याहून एक पत्रक आलं. गुरुजींनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. कार्यानुभव या विषयाखाली विद्यार्थ्यांनी घरातल्या टाकाऊ कपड्यांपासून टिकाऊ आणि उपयुक्त वस्तू तयार कराव्यात, त्यांचं प्रदर्शन बदलापुरात भरेल. खाली नमुन्यादाखल काही वस्तूंची नावं दिली होती. पिशवी, पायपुसणं, उशीचा अभ्रा, टीव्हीवर टाकायचं कव्हर.

गुरुजींनी खिडकीतून पाड्याकडे पाहिलं. तिथे अजून विजेचे खांबसुद्धा आलेले नव्हते.

"बाई, हा विषय तुमचा," ते म्हणाले. "तुम्ही शहरातल्या. फक्त टीव्हीचं कव्हर जरा शेवटी घ्या."

मी दुसऱ्याच दिवशी उत्साहाने तिसरी-चौथीच्या मुलांना सांगितलं, की उद्या येताना घरून एकेक जुना कपडा घेऊन या. मुलांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी एकानेही काही आणलं नाही. मला वाटलं, विसरली असतील. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांचे हात रिकामे. तेव्हा चौथीतली एक मुलगी उभी राहिली. बोलण्यात धीट होती आणि वर्गाच्या वतीने तीच बोलायची.

"बाई, जुना कपडा म्हंजे कंचा?"

"जो आता आपण घालत नाही, तो."

तिने थोडा विचार केला. "घालीत नाय तो मंग कुडं असल?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आमच्याकडे तो पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत असायचा. पण इथे पेटी नव्हती आणि पलंगही नव्हता. मी वर्गाकडे नीट पाहिलं. बाहेर पाऊस होता. मुलं भिजून आली होती आणि अंगातले कपडे अंगातच वाळवत बसली होती. रोज तेच करत होती, मला ते त्या दिवशी दिसलं. तरीही पत्रक खोटं ठरवायला माझं मन तयार होईना. मी ठरवलं, कपडे नाहीत ना, मग कपडे मी आणीन. शिकवायचं तर शिकवायचंच.

घरी येऊन मी आईला जुने कपडे मागितले. तिने मला वेड लागल्यासारखं पाहिलं. "जुने कपडे असे कुणाकडे पडून असतात का गं?" ती म्हणाली. आणि खरंच, शोधायला गेलं तर आमच्याही घरात काही निघेना. फाटकं ते पोतेरं झालेलं, धड ते भांड्यांसाठी राखलेलं. शेवटी रविवारी आईने बुद्धविहारात बायकांपुढे विषय काढला. शाळेच्या मुलांसाठी म्हटल्यावर बायकांनी हात मोकळा सोडला. सदरे आले, परकर आले, एक जवळजवळ कोरी पँट आली. तिच्या मालकाचं पोट वाढलं होतं.

राहिलेली भर मासीने घातली. मासी म्हणजे आमच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या सिंधी बाई. लहानपणी, फाळणीत, आईवडिलांबरोबर कॅम्पात आलेल्या. पुढच्या खोलीत त्यांनी शिलाई मशिनी टाकल्या होत्या आणि तिथे बाजारासाठी लहान मुलींचे फ्रॉक शिवले जायचे. ज्या फ्रॉकची बाही उलटी लागली, कॉलर वाकडी बसली, ते बाजूला पडायचे. मासीने तसले फ्रॉक माझ्यापुढे ओतले.

"ले जा टीचर. फाडना ही है ना? तो बिगडा हुआ फाड."

असं ते गाठोडं घेऊन मी बदलापूरहून एसटीत चढले. कंडक्टरने गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, भांडी कुठं ठेवलीत?" मी शिक्षिका आहे, असं सांगितल्यावर त्याने तिकीट दिलं, पण विश्वास ठेवल्यासारखं दिसलं नाही.

वर्गात मी एक चौकड्यांचा सदरा घेऊन मुलांना प्रात्यक्षिक दाखवलं. बाह्या कापायच्या, गळा कापायचा, खालून शिवायचं, बाह्यांचे बंद करायचे, झाली पिशवी. मुलं इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, रंगून गेली आहेत. कात्री सदऱ्याच्या पाठीतून गेली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच श्वास घेतला. तीच चौथीतली मुलगी म्हणाली, "बाई, सदरा फाटला नव्हता."

"तेच तर," मी म्हणाले. "म्हणून पिशवी मजबूत होणार."

मग मी प्रत्येकाला एकेक कपडा वाटला, एकेक सुई दिली, आणि घरी आईच्या मदतीने वस्तू करून आणा, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा गुरुजी पडवीत उभे होते. "बाई, आज काही सण आहे का?" त्यांनी विचारलं. पायवाटेवरून मुलं येत होती. पहिल्याच्या अंगात गुडघ्यापर्यंत येणारा सदरा होता. दुसऱ्याने ती पोट वाढलेल्या माणसाची पँट कमरेला वेलीने बांधली होती. चौथीतली मुलगी पिवळ्या फ्रॉकमध्ये होती. त्याची एक बाही उलटी लागलेली होती, त्यामुळे तिचा डावा हात सारखा वर उठल्यासारखा वाटायचा. मागून मोठ्यांचे कालपर्यंतचे कपडे घालून सगळ्यांची धाकटी भावंडं आली. ती आमच्या शाळेत नावालाच होती, आजवर मी त्यांना पाहिलं नव्हतं. घालायला काही नव्हतं म्हणून ती येत नसत, हे मला तेव्हा कळलं. शाळा भरून गेली. पडवीतसुद्धा बसायला जागा राहिली नाही.

गुरुजींनी हजेरी घेतली आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "कार्यानुभव चांगला झाला," ते म्हणाले.

मी मात्र रागावले होते. एवढं गाठोडं वाहून आणलं, शिकवलं, आणि एकाही मुलाने सुई कपड्याला लावली नाही. शाळा सुटल्यावर मी त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेले. तिची आई दारात बसून रानातून आणलेली भाजी निवडत होती. तिने मला बसायला पाट दिला.

"मी कपडे वस्तू बनवायला दिले होते," मी म्हणाले.

"पोरगी सांगत व्हती. फाडाय दिलं व्हतं ना?"

"हो."

"मंग आमच्याकडं कशाला दिलं? आमी फाडीत नाय." हे तिने अगदी सहज सांगितलं. मला काही सुनवायचा तिचा विचार नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "फाडून काय करायचा व्हता?"

"पिशवी."

"मंग पिशवीत काय भरायचा?"

मी इकडे तिकडे पाहिलं. घरात एक चूल, दोन मडकी, कोपऱ्यात भाताची कणगी आणि वाशाला टांगलेली झोळी. झोळीत बाळ झोपलं होतं. झोळी कधीकाळी हिरव्या लुगड्याची होती. आतल्या अंगाला एक वाकळ पसरलेली, आणि तिच्यात कुणाकुणाचे कपडे मुरले होते ते आता ओळखू येत नव्हतं. म्हणजे टाकाऊपासून टिकाऊ हा पाठ त्या घरात कधीच संपला होता, फक्त पत्रक उशिरा आलं होतं.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "बाई, पुन्यांदा आणशील तं परकर आण. सदरं झालं."

मी परकर आणले. एकदा आणल्यावर दुसऱ्या घरची मागणी आली. मग कॅम्प चारच्या बायका स्वतःहून कपडे आणून द्यायला लागल्या आणि त्या एसटीचा कंडक्टर मला "आज काय आणलंत?" असं विचारायला लागला. मी कार्यानुभवाची शिक्षिका होते, आणि बोहारणीसारखी गाठोडी वाहत होते, फक्त भांडी देत नव्हते.

प्रदर्शन जवळ आलं. टेबलावर मांडायला आमच्याकडे ती एक चौकड्यांची पिशवी होती, मीच फाडलेली. गुरुजी म्हणाले, "रिकामं टेबल ठेवलं तर वर कळवतील. कॅम्पातल्या बाजारात अशा वस्तू तयार मिळतात म्हणे." मी त्याला नकार दिला. निदान शिक्षकाचा नमुना म्हणून काहीतरी आपल्या हाताने करून ठेवावं, म्हणून घरी आईची जुनी पांढरी साडी घेऊन बसले. निळ्या काठाची, विहारात नेसायची साडी होती ती. तिचे तुकडे जोडून मी काहीतरी शिवत होते. मासी दही मागायला वर आल्या. थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या.

"टीचर, ये सिलाई है या सजा?" असं म्हणून त्यांनी कापड माझ्या हातातून काढूनच घेतलं.

त्यांच्या मशिनींखाली चिंध्यांचा ढीग असायचा. त्यातून त्यांनी लाल, पिवळे, काळे तुकडे निवडले. त्यांचे त्रिकोण कापले, त्रिकोणांचे चौकोन केले, आणि साडीच्या दुहेरी घडीवर ते बसवून हाताने बारीक धावदोरा घातला. दुपारी कामगार जेवायला गेले की त्या शिवत बसायच्या. असल्या गोधडीला त्या रल्ली म्हणायच्या. सिंधमध्ये त्यांच्या आईने त्यांना हे शिकवलं होतं, आणि इतक्या वर्षांत हात ते विसरला नव्हता. झालेली रल्ली इतकी सुंदर होती, की आई म्हणाली, ही प्रदर्शनात ठेवायची नाही, चोरीला जाईल.

"दिखा दे," मासी म्हणाल्या. "पर वापस लाना. पोते के लिए है."

बदलापुरात एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. शेजारच्या टेबलावर टीव्हीची कव्हरं होती. मी "शिक्षकाचा नमुना" अशी चिठ्ठी लिहून आणली होती. मी पाणी प्यायला गेले आणि परत येईपर्यंत गुरुजींनी ती बदलून तिथे "इयत्ता चौथी, सामूहिक काम" असा पुठ्ठा लावला होता.

"गुरुजी, हे खोटं आहे."

"कसं काय? कपडे सगळ्यांनी मिळून वापरले की नाही?"

"मी साहेबांना सांगणार आहे."

"सांगा की," ते म्हणाले. "त्यांनी ऐकलं तर मलाही कळवा."

तालुक्याचे शिक्षणाचे साहेब आले. मनुष्य चांगला होता, मनापासून बघणारा होता. कव्हरांवरून त्यांनी भराभर नजर फिरवली आणि रल्लीपुढे थांबले. हाताने कापड चाचपलं. बरोबरच्या माणसांना म्हणाले, "ही खरी कला. या लोकांच्या रक्तात असते ती. हे त्रिकोण बघा, हे डोंगर. हा लाल म्हणजे पळस. आणि ही निळी पट्टी म्हणजे बारवीचं पाणी."

बारवीचं पाणी म्हणजे माझ्या आईच्या साडीचा काठ होता. मी पुढे झाले.

"साहेब, हे मुलांनी केलेलं नाही. मी उल्हासनगरला राहते. आमच्या खाली एक सिंधी बाई राहतात, त्यांनी शिवलंय."

साहेब हसले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला आणि त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. मुलांचं श्रेय शिक्षकाने घेऊ नये."

"मी माझ्याकडे घेत नाही, साहेब. त्या बाईंना देतेय."

"कुणालाच देऊ नये," ते म्हणाले. "ते मुलांचं आहे."

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. भिंतीवरचं घड्याळ. गुरुजी वेळ एसटीवरून ठरवत, आणि एसटी चुकीच्या वेळी यायची, त्यामुळे आमची शाळा आणि एसटी एकमेकांना धरून होत्या. घड्याळ लावल्यावर दोन्ही उशिरा आहेत, असं दिसायला लागलं. गुरुजींनी ते काढून कपाटात ठेवलं. रल्ली मात्र परत मिळाली नाही. साहेबांनी ती आपल्या कचेरीत काचेमागे लावायला ठेवून घेतली.

मासीला हे सांगायला मला दोन-तीन दिवस लागले. सगळं ऐकून त्यांनी हातातला फ्रॉक बाजूला ठेवला. नातवाची रल्ली गेली म्हणून वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं. पण त्या वेगळाच विचार करत होत्या. "टीचर," त्या म्हणाल्या, "वो साब बोलता है ये उन लोगों का है. मेरे को वो लोग देखने हैं."

त्या यायच्या आधी साहेबच पाड्यावर आले. कलाकार मुलांना त्यांच्या घरी पाहायचं होतं त्यांना. आदल्या आठवड्यात मी मासीकडच्या चिंध्यांचं एक पोतं वर नेलं होतं. चिंधी अंगात घालता येत नाही, एवढी अक्कल मला एव्हाना आली होती. बायकांना ते पोतं फार आवडलं. त्यांनी चिंध्या जुन्या लुगड्यात भरून जाड वाकळी शिवायला घेतल्या होत्या. त्यांत त्रिकोण नव्हते आणि रंगांचा मेळही नव्हता. डोक्यावर हंडा ठेवायला चिंध्यांच्या चुंबळी वळल्या होत्या. साहेब आले तेव्हा त्या मुलीची आई चुंबळच वळत होती.

साहेबांची निराशा लपेना. "हे काय? तुमची ती त्रिकोणांची गोधडी कुठे आहे?"

"कंची?"

साहेबांनी बोटाने हवेत त्रिकोण काढून दाखवला. तिला आठवलं. मी प्रदर्शनाला नेण्याआधी ती रल्ली मुलांना दाखवायला वर आणली होती. "ती व्हय," ती म्हणाली. "ती तं बाईच्या गावची."

साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बघा. नवी पिढी आपलंच विसरते." ती बाई चार-पाच मुलांची आई होती. मग त्यांनी मला स्पष्ट सूचना दिली. या लोकांना बाहेरचं काही शिकवून बिघडवू नका, त्यांची पारंपरिक कला त्यांना परत शिकवा. दिवाळीनंतर जिल्ह्याचे पाहुणे येणार आहेत, त्यांना भेट द्यायला तसल्या काही गोधड्या हव्यात.

त्यामुळे मासीला वर नेणं आता सरकारी काम झालं.

एका सोमवारी, बाजार बंद असतो त्या दिवशी, मासी सलवार-कमीज, बूट आणि छत्री अशा तयारीने निघाल्या. कॅम्पात इतकी वर्षं काढून त्या बदलापूरच्या पुढे कधी आल्या नव्हत्या. चढावर तीनदा बसल्या. पाड्यावर पोचल्यावर त्या मुलीच्या आईने त्यांना पाणी दिलं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला मराठी नीट येत नव्हतं, दुसरीला हिंदी अजिबात येत नव्हतं. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले, पण माझी फारशी गरज पडली नाही.

"तुजा गाव कुडं?" तिने विचारलं.

मासीला गाव एवढंच समजलं. त्यांनी छत्रीने लांब दाखवलं. "दूर."

"वांगणीच्या पल्याड?"

"उसके भी आगे."

"मंग जात असशील की सणाला."

मी ते हिंदीत सांगितलं. मासी म्हणाल्या, "बोल, अब रास्ता बंद है." मी तसं सांगितलं. ती बाई म्हणाली, पावसात आमचाही होतो. मासी हसल्या. मग त्यांनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं.

मासी त्यानंतरही सोमवारी येत राहिल्या. बायकांनी त्रिकोण पटकन उचलले, मुलींनी त्याहून पटकन. पण मासीची शिस्त त्यांना मानवेना. लालाशेजारी काळाच हवा, हा आग्रह कशासाठी, ते त्यांना पटत नव्हतं. हाताला येईल तो तुकडा त्या लावायच्या. मासी उसवायला सांगायच्या, त्या हो म्हणायच्या आणि उसवायच्या नाहीत. एकदा चौथीतल्या त्या मुलीने त्रिकोणाच्या मध्ये शिवून कोंबडा काढला. मासीने कपाळावर हात मारला. "रल्ली में मुर्गी?" पण पुढच्या सोमवारी त्या कोंबड्याच्या डोळ्यासाठी घरून मोती घेऊन आल्या. दिवाळीपर्यंत सात-आठ घरांत गोधड्या पुऱ्या झाल्या. सिंधची शिलाई, कॅम्पातल्या चिंध्या, आत विहारातल्या साड्या, वर पाड्याचे कोंबडे. साहेबांना हवी होती तशी पारंपरिक कला अखेर तयार झाली.

भातकापणी आटोपली आणि वीटभट्टीच्या मुकादमाचा ट्रक आला. दरवर्षी यायचा. घरंच्या घरं भट्टीवर जायची ती उन्हाळा सरताना परत यायची. मी सकाळी शाळेत पोचले तेव्हा माणसं ट्रकात चढत होती. प्रत्येक घराचं सामान एका बोचक्यात मावलं होतं, आणि त्यावर गोधडीची वळकटी. भट्टीवर उघड्यावर झोपायचं असतं आणि थंडी सुरू झाली होती. ट्रकाच्या फाळक्याला धरून ती मुलगी उभी होती.

"बाई, परीक्षेला नाय येणार," तिने सांगितलं. "कोंबडा घेतलाय."

पाहुण्यांसाठी एखादी तरी गोधडी ठेवून जा, असं मी म्हणू शकले असते. साहेबांचं काम होतं. पण तिच्या आईने वळकटी अशी काखोटीला मारली होती, की माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी फक्त नीट जा म्हणाले. त्या दिवशी शाळेत पहिलीतली चार मुलं उरली. गुरुजींनी हजेरी घेतली आणि चष्मा काढून पुसत बसले.

जिल्ह्याचे पाहुणे येण्याआधी साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. खुर्चीमागे काचेत मासीची रल्ली होती. तिच्यावर उजेड पडावा म्हणून खास बल्ब लावला होता.

"गोधड्या कुठे आहेत?"

"भट्टीवर गेल्या, साहेब."

"विकल्या?"

"नाही. पांघरायला नेल्या."

त्यांनी काचेतल्या रल्लीकडे वळून पाहिलं. "म्हणजे वापरल्या," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. इतकी नाजूक कला माणसं अशी अंगाखाली घालतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. पाहुण्यांना शेवटी शाल आणि श्रीफळ दिलं.

पाच-सहा वर्षं मी त्या शाळेत होते. नव्वदच्या आगेमागे माझी बदली अंबरनाथजवळच्या एका शाळेत झाली. तोवर कॅम्प चारचंही रूप पालटलं. जिकडे तिकडे जीन्सचे कारखाने झाले. मासीचा मुलगाही त्या धंद्यात शिरला. फ्रॉकच्या मशिनी गेल्या, जाड कापडाच्या आल्या, आणि खाली पडायच्या त्या चिंध्या इतक्या कडक, की हाताची सुई मोडून पडायची. मासीला गुडघ्यांमुळे जिना चढणं जमेना. अधूनमधून त्या खालूनच विचारायच्या, "टीचर, पहाडवाले कैसे हैं?" मला नेमकं माहीत नसायचं, तरी मी ठीक आहेत म्हणायचे.

एकदा दुपारी त्या मुलीची आई आमच्या दारात उभी राहिली. बरोबर पाड्यावरच्या आणखी दोघी होत्या. डोक्यावर बोचकी. पत्ता विचारत विचारत आल्या होत्या. आईने त्यांना चहा दिला, मी मासीला हाताला धरून हळूहळू वर आणलं. मुलीचं लग्न झालं होतं, तिला बाळ व्हायचं होतं, त्यासाठी मऊ चिंधी पाहिजे होती. मासीकडची आता कामाची नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्या सकाळपासून बाजारात दुकानोदुकानी फिरत होत्या.

"मिळाली का?" मी विचारलं.

"चिंधी मागली तं दुकानदार आखा कपडा देतो," ती म्हणाली. "त्येला वाटला, आमी भिकारी. धा दुकानात हाच. नको म्हटला तरी आयकत नाय."

"मग काय केलंत?"

तिने बोचकं सोडून दाखवलं. वर कोरी झबली होती, टॉवेल होते, एक लहान मुलाची निळी चड्डी होती. खाली गच्च दाबून भरलेल्या मलमलच्या चिंध्या. "कपडा पन घेतला," ती म्हणाली, "आन् चिंधी दिल्याबिगर मी हालली नाय."

मासी खाली वाकल्या, चिंध्यांत हात घालून एकेक तुकडा उजेडाकडे धरून बघायला लागल्या. लाल वेगळे काढले, काळे वेगळे काढले. पाड्यावरच्या बायका चहा पीत ते बघत होत्या. मासीची पाठ वळल्यावर एकीने दोन्ही ढीग उचलले आणि परत एकत्र करून बोचक्यात भरले.